दिसण्यासाठीचे दिवे

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात काटोलहून आतल्या एका गावी जात होतो. अंबिया बहाराची संत्री तोडणीला आली होती, त्यामुळे बागांकडे जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर मालट्रकांची ये-जा चालू होती. दिवस मावळता मावळता गाडीचे चाक पंक्चर झाले. डावीकडे खोल नाली होती, म्हणून गाडी जेमतेम अर्धीच डांबराखाली उतरवता आली. मी पार्किंगचे दिवे लावले (उभ्या गाडीसाठीच तर हे दिवे असतात!) आणि जॅक काढायला डिकीकडे गेलो. पाचेक मिनिटांत समोरून एक ट्रक आला आणि गाडीचा उजवा आरसा घेऊन गेला. गाडीला बाकी काही झाले नाही. मी मागे होतो म्हणून मलाही काही झाले नाही.

ट्रक थोड्या अंतरावर थांबला. चालक धावत आला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "साहेब, मले वाटलं फटफटी उभी हाये."

पुढे जाऊन पाहिले तर त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. डाव्या बाजूचा, म्हणजे नालीकडचा छोटा दिवा लागलेला होता आणि रस्त्याकडचा उजवा दिवा बंद होता. अंधारात रस्त्याच्या कडेला एकच दिवा दिसला, की कोणीही दुचाकीच समजणार आणि त्या हिशेबाने जागा सोडणार. त्याने एका मोटारसायकलीपुरती जागा सोडली होती.

तो उजवा दिवा किती दिवसांपासून बंद होता, हे मला सांगता येईना. विचार करा, चालकाला आपल्या गाडीचे पुढचे छोटे दिवे कधी दिसतच नाहीत. हेडलाइट गेला तर रस्त्यावर अंधार पडतो आणि लगेच कळते. पार्किंगचा दिवा गेला तर आपल्या जगात काहीच बदलत नाही. बदल होतो तो समोरच्याच्या जगात.

पाहणे आणि दिसणे

मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे दोन वर्ग आहेत. एका वर्गाचे काम आपल्याला रस्ता दाखवणे. हेडलाइट व धुक्याचे दिवे हे त्यात येतात. दुसऱ्या वर्गाचे काम आपण कोठे आहोत व किती रुंद आहोत, हे दुसऱ्याला दाखवणे. पार्किंग लाइट आणि इंडिकेटर हे या दुसऱ्या वर्गातले. बैलगाडीच्या आसाखाली टांगलेला कंदील आठवा. त्या कंदिलाच्या उजेडात बैलांना वाट दिसत नसे, गाडीवानालाही दिसत नसे. पण मागून येणाऱ्याला गाडी दिसत असे. सुरुवातीच्या मोटारींनाही बाजूला तेलाचे दिवे असत आणि पुढे रस्ता पाहण्यासाठी कार्बाइडच्या गॅसवर चालणारे मोठे दिवे असत. पुढे दोन्ही विजेवर आले, पण कामाची वाटणी तीच राहिली.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०९ वा नियम पार्किंग दिव्यांसाठी आहे. पुढच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरा किंवा पिवळसर नारिंगी दिवा, मागे दोन्ही बाजूंना तांबडा, आणि वाहन रस्त्यावर उभे असतानाही हे दिवे पेटते राहिले पाहिजेत, असे तो सांगतो. 'दोन्ही बाजूंना' हे शब्द किती मोलाचे आहेत, ते मला त्या ट्रकवाल्याने शिकवले. दोन दिव्यांमधले अंतर हीच गाडीच्या रुंदीची खूण. शिवाय दोन दिव्यांमधला कोन वाढताना दिसला, की वाहन जवळ येत आहे हे डोळ्याला कळते. एका दिव्यावरून यातले काहीच कळत नाही.

आता या दिव्याच्या ताकदीचा अंदाज घेऊ. बहुतेक गाड्यांमध्ये पुढचा पार्किंगचा बल्ब १२ व्होल्ट, ५ वॅटचा असतो आणि तो सुमारे ५० ल्युमेन प्रकाश देतो. हा प्रकाश चोहीकडे सारखा पसरतो असे धरले, तर ५० ला ४π ने, म्हणजे १२.५७ ने भागायचे. उत्तर येते जवळजवळ ४ कँडेला. कँडेला हे एकक मेणबत्तीवरूनच आलेले आहे, तेव्हा हा दिवा म्हणजे चार मेणबत्त्या झाल्या. पुढच्या पार्किंग दिव्याने समोरच्या दिशेला किमान ४ कँडेला दिले पाहिजेत, असे युरोपीय नियम सांगतो. आकडे कसे जुळतात पाहा. मागचा परावर्तक या चार मेणबत्त्यांत भर घालतो ती वेगळीच.

चार मेणबत्त्या लांबून दिसतात का? आपल्या नियमांत, १०५ व्या कलमात, १५५ मीटर हे अंतर येते. पुढच्या दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत, अशी अपेक्षा त्यात आहे. १५५ मीटरवर व्यस्त वर्गाच्या नियमाने ४ कँडेलाचा दिवा डोळ्यापाशी ४ ÷ (१५५ × १५५), म्हणजे सुमारे ०.०००१७ लक्स प्रदीपन देतो. आकडा फारच क्षुल्लक वाटतो. पण आकाशात शुक्र अगदी तेजस्वी असतो, तेव्हा त्याच्याकडून आपल्याला जवळजवळ एवढेच प्रदीपन मिळते. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र किती ठसठशीत दिसतो, हे मुलांना सांगावे लागत नाही. तेव्हा अंधाऱ्या रस्त्यावर चार मेणबत्त्या पुरेशा आहेत. उजळलेल्या वर्धा रोडवर त्या पुरत नाहीत, कारण तिथे दुकानांच्या पाट्या त्यांना गिळून टाकतात.

हे १५५ मीटर कशाला हवेत, तेही मोजून पाहण्यासारखे आहे. नागपूरहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. उभे वाहन दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे जाते. नंतर दर सेकंदाला ६ मीटर या दराने वेग कमी झाला, तर थांबायला आणखी ९३ मीटर लागतात. एकूण १४३ मीटर. म्हणजे १५५ मीटरवरून दिसले, तर मोटार जेमतेम थांबते. हेडलाइट खाली केलेले असतील, तर बिनदिव्याची काळपट ट्रॉली एवढ्या लांबून दिसण्याची आशाच नाही. तिला स्वतःचा दिवा हवा, निदान चकाकणारी पट्टी तरी हवी.

एक सवय मात्र मोडायला हवी. कातरवेळी पुष्कळ लोक फक्त पार्किंगच्या दिव्यांवर गाडी हाकतात. 'अजून दिसतंय की!' असे त्यांचे म्हणणे असते. चार मेणबत्त्या उभ्या गाडीसाठी आहेत, धावत्या गाडीसाठी नाहीत.

पाच वॅटच्या बल्बच्या पोटात

हा बल्ब मुद्दाम विकत घेऊन वर्गात न्यावा. जुन्या अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात पितळी टोपीचे, पिना असलेले बल्ब असत. आता सर्रास मिळतो तो टोपी नसलेला, काचेचे बूड चपटे करून त्यावर दोन तारा दुमडलेला. दुकानात 'पार्किंगचा कॅपलेस बल्ब' म्हटले की समजते.

मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. दोन ते तीन ओहम भरेल. आता मुलांना गणित घाला : १२ व्होल्टवर ५ वॅट, तर रोध किती? १४४ भागिले ५, म्हणजे २८.८ ओहम. मोजलेला रोध आणि काढलेला रोध यांत दहा-बारा पटींचा फरक! मुले आधी मीटरला दोष देतील, मग सूत्राला. दोन्ही बरोबर आहेत. मीटरने मोजला तो थंड कुंतलाचा रोध, सूत्राने मिळाला तो तापलेल्या कुंतलाचा. टंगस्टनचा रोध दर अंशाला सुमारे ०.००४५ पट वाढतो असे धरून थंड रोध २.४ ओहम घेतला, तर तापमान सुमारे २५०० अंश सेल्सिअस येते. हा गुणांक सगळ्या तापमानांना सारखा नसतो, त्यामुळे उत्तर ढोबळच म्हणायचे. पण एका साध्या मीटरने तापलेल्या कुंतलाचे तापमान काढता आले, याचा आनंद मुलांना होतो.

यातून दुसरीही गोष्ट कळते. बटण दाबले त्या क्षणी कुंतल थंड असते, म्हणून पाऊण अँपिअरही न लागणाऱ्या या बल्बमधून क्षणभर पाच अँपिअर प्रवाह जातो. बल्ब बहुधा दिवा लावतानाच का जातो, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे असे, की टंगस्टन हळूहळू उडून जाते. काचेवर आतून धरलेली काळी झाक हे उडालेले टंगस्टन. कुंतल जिथे अधिक पातळ होते तिथे ते अधिक तापते, अधिक तापले की अधिक उडते आणि शेवटी तिथेच तुटते.

बल्बच्या आयुष्याचे विद्युतदाबाशी फार नाजूक नाते आहे. दाब ५ टक्क्यांनी वाढला की आयुष्य जवळजवळ निम्मे होते. प्रकाश मात्र १८ टक्क्यांच्या आसपासच वाढतो. 'माझ्या गाडीचे बल्ब सारखे जातात' अशी तक्रार असेल, तर बल्बची कंपनी बदलण्याआधी इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवरचा दाब मोजावा. तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. पंधराच्या वर गेला असेल, तर दोष बल्बचा नाही.

बदलताना

बल्ब बदलणे अवघड नाही. दिवे व इंजिन बंद करा. बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागे हात घाला. छोटा होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की बाहेर येतो. बल्ब फिरवायचा नाही, सरळ ओढायचा. नवा तसाच सरळ दाबून बसवायचा. काही गाड्यांमध्ये हात जायला जागाच ठेवलेली नसते. तिथे पुढचा बंपर सैल करावा लागतो, तेव्हा हे काम गॅरेजवाल्याकडेच द्यावे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना किंवा हातातले कडे टेकले तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि कडे लाल होते. म्हणून बॅटरीजवळ काम करताना हातात धातूचे काही नको.

नव्या बल्बनेही उजेड मंदच पडला, तर होल्डरमध्ये पाहा. पावसाळ्यानंतर तिथल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर सापडतो. या थराचा रोध दोन ओहम जरी धरला, तरी बल्बच्या वाट्याचा दाब सुमारे साडेसहा टक्क्यांनी आणि उजेड जवळजवळ एक-पंचमांशाने कमी होतो. बारीक पॉलिश पेपरने पट्टी घासली, की काम भागते.

शिक्षकांना आवडेल असे एक कोडे. इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा पार्किंगचा दिवाही त्याच्या तालात मंद लुकलुकतो. का बरे? दोन्ही दिव्यांची परतीची तार, म्हणजे 'अर्थ', एकच असते आणि तीच कोठेतरी तुटलेली किंवा गंजलेली असते. इंडिकेटरच्या प्रवाहाला घरी जायला रस्ता उरत नाही, तेव्हा तो पार्किंगच्या बल्बमधून उलटा शिरून त्याच्या तारेने दुसऱ्या बाजूच्या दिव्यांपर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थवरून परततो. समांतर जोडलेले दिवे असे नकळत एकसर होऊन बसतात. गॅरेजवाले याला 'अर्थ गेला' म्हणतात आणि त्यांचे निदान अचूक असते. फळ्यावर मंडल काढून मुलांना प्रवाहाची वाट शोधायला लावा. तास कसा संपला ते कळणार नाही.

एलईडीचा मोह

आता माझ्या बंद दिव्याकडे येतो. गाडीत मुळात साधे ५ वॅटचे बल्ब होते. माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. आदल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "सर, हे पिवळे बल्ब काहून ठेवता जी? एलईडी लावून देतो न. मस्त पांढरा लाइट पडते." भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने एलईडीला नाही कसे म्हणायचे? लावून घेतले.

एलईडी, म्हणजे प्रकाश उत्सर्जक डायोड, ही खरोखरच मोठी वस्तू आहे. तांबडा एलईडी १९६२ साली झाला. निळ्या रंगाने मात्र पुढची तीस वर्षे संशोधकांना दमवले आणि तो हाती आल्यावर पांढऱ्याचा मार्ग मोकळा झाला. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर असतो आणि निळा अधिक पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो.

पांढऱ्या एलईडीला पेटायला सुमारे ३ व्होल्ट लागतात. गाडीचे १२ व्होल्ट. म्हणून बाजारातल्या साध्या एलईडी बल्बमध्ये तीन एलईडी एकसर जोडून त्यांच्यापुढे एक रोध घालतात. तिघांचे ९ व्होल्ट गेले, उरले ३. प्रवाह २० मिलिअँपिअर हवा असेल तर रोध ३ ÷ ०.०२, म्हणजे १५० ओहम. कागदावर हे गणित निर्दोष आहे. पण गाडी चालू असताना दाब १२ नसतो, १४.४ पर्यंत असतो. मग रोधावर ५.४ व्होल्ट पडतात आणि प्रवाह होतो ३६ मिलिअँपिअर, ठरवलेल्याच्या जवळजवळ दुप्पट. साध्या बल्बमध्ये असे होत नाही, कारण दाब वाढला की कुंतल तापते, त्याचा रोध वाढतो आणि प्रवाहाला आपोआप आवर बसतो. एलईडीला असा स्वतःचा लगाम नाही. त्याचे ३ व्होल्ट जवळपास तेवढेच राहतात आणि वाढलेला सगळा दाब रोधावर येऊन प्रवाह भडकतो.

त्यात नागपूरचा मे महिना. बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून पुष्कळ जास्त. कुंतलाला २५०० अंशांची सवय असते, त्याला बाहेरच्या उन्हाने काय होणार! एलईडी मात्र अर्धवाहक आहे. तो तापला की मंदावतो आणि फार तापला की मरतो. माझा उजवा बल्ब उघडला तेव्हा रोधाभोवतीची पट्टी तपकिरी झालेली दिसली. तीन एलईडींपैकी एकच गेला होता, पण एकसर जोडणीत एक गेला की तिघेही गेले.

मग गणित उलट बाजूने करायचे. सर्वांत जास्त दाबाला, म्हणजे १४.४ व्होल्टला, २० मिलिअँपिअर धरायचे. रोध येतो २७० ओहम. इंजिन बंद असताना, बॅटरीच्या १२.६ व्होल्टवर, प्रवाह १३ मिलिअँपिअर होतो. उजेड थोडा कमी पडतो, पण दिवा टिकतो. चांगल्या प्रतीच्या बल्बांत रोधाऐवजी प्रवाह स्थिर ठेवणारे छोटे मंडलच असते. ते महाग असतात, आणि ती किंमत कशाची आहे हे आता ध्यानात येईल.

एलईडी बसवल्यावर पेटला नाही, तर तो लगेच फेकू नका. काढून उलटा बसवा. डायोड एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. साध्या बल्बला उलटे-सुलटे कळत नाही.

काही नव्या गाड्यांत आणखी एक गंमत होते. पाच वॅटचा बल्ब काढून अर्ध्या वॅटचा एलईडी लावला, की गाडीतला संगणक कमी झालेला प्रवाह पाहून 'दिवा गेला' अशी सूचना देतो. त्यावर उपाय म्हणून दुकानदार एलईडीला समांतर एक रोध जोडून देतात. हा रोध उरलेले साडेचार वॅट नुसती उष्णता करून उधळतो. वीज वाचवायला एलईडी लावला आणि वाचलेली वीज जाळायला रोध लावला! शिवाय तो तापलेला रोध प्लास्टिकला टेकला तर ते वितळते.

विजेची बचत ही गोष्ट खोटी नाही, मात्र. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक, असे ५ वॅटचे पाच बल्ब रात्रभर चालू राहिले, तर २५ वॅट, म्हणजे सुमारे दोन अँपिअर. दहा तासांत वीसहून अधिक अँपिअर-तास गेले. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते; सकाळी धक्का मारायची वेळ आलीच. रात्रभर दिवे लावून ठेवायची ज्यांना खरोखर गरज असते, त्यांच्यासाठी एलईडी हे वरदानच आहे.

उजेड कोणाकडे जातो?

बल्ब बदलताना सर्वांत दुर्लक्षित राहतो तो मागचा परावर्तक. दिव्याची वाटी आणि पुढची काच कुंतलाची जागा धरून आखलेली असते. कुंतल चोहीकडे प्रकाश टाकते आणि वाटी तो हवा तिकडे वळवते. पार्किंगचा दिवा नुसता समोरून दिसून भागत नाही. आतल्या बाजूला ४५ अंश आणि बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत तो दिसला पाहिजे, असा युरोपीय दंडक आहे. म्हणजे आडव्या रस्त्यावरून येणाऱ्यालाही गाडीचा कोपरा दिसावा.

आता एखाद्या एलईडी बल्बचे सगळे एलईडी टोकाला बसवलेले आहेत आणि ते समोर पाहतात, असे समजा. १०० ल्युमेन प्रकाश अक्षापासून ३० अंशांच्या शंकूत गेला, तर समोरून तेजस्विता सुमारे १२० कँडेला होते. चारच्या जागी एकशे वीस! समोरच्याचे डोळे दिपतात आणि बाजूने येणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण वाटीवर प्रकाश पडतच नाही. खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा मोठा आणि दिवा मात्र निरुपयोगी, असे घडू शकते. बाजूंनाही एलईडी असलेला आणि लांबीला मूळ बल्बएवढाच असलेला घ्यावा. बसवल्यावर गाडीपासून दहा पावले लांब जाऊन अर्धवर्तुळात फिरून पाहावे. याला कोणतेही उपकरण लागत नाही.

निळे, तांबडे, लुकलुकणारे

हौसेला मोल नसते. निळे दिवे, तांबडे दिवे, धावणारे दिवे, सगळे बाजारात मिळते. सजवलेली गाडी मला वाईट दिसत नाही. पण रस्त्यावर रंग ही भाषा आहे. पुढे तांबडा दिवा दाखवायला नियमात मनाई आहे, आणि कारण साधे आहे. तांबडा म्हणजे गाडीची पाठ. समोरून तांबडे दोन ठिपके दिसले, तर मन म्हणते 'हे वाहन आपल्याच दिशेने चालले आहे', आणि प्रत्यक्षात ते आपल्याकडे येत असते. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे बदल करायला आडकाठी घालते. त्याच जातीचा बल्ब बदलणे ही दुरुस्ती झाली. निळी पट्टी लावणे ही नव्हे.

निळे रंगवलेले साधे बल्बही मिळतात. हा तर भौतिकशास्त्राशी उभा वैरच आहे. २५०० अंशांच्या कुंतलाच्या प्रकाशात तांबडे-पिवळे भरपूर आणि निळे अगदी थोडे. निळी काच त्यातले भरपूर ते शोषून घेते आणि थोडके ते बाहेर सोडते. वीज तेवढीच, उजेडाचा चतकोर. नारिंगी रंगवलेला बल्ब निदान असलेल्या प्रकाशातलाच मोठा वाटा बाहेर सोडतो, आणि नियमालाही चालतो.

नारिंगीवरून एक समजूत तपासू. 'पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, कारण त्याचे विकिरण कमी होते' हे वाक्य आपण अनेकांनी वर्गात म्हटले असेल. मीही म्हटले आहे. तरंगलांबी वाढली की विकिरण झपाट्याने कमी होते, हा नियम तरंगलांबीहून पुष्कळ लहान कणांसाठी, म्हणजे हवेच्या रेणूंसाठी आहे. आकाश निळे दिसते ते त्यामुळे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहा-वीस पट मोठे असतात. ते सगळ्या रंगांचे जवळपास सारखेच विकिरण करतात, आणि म्हणूनच जानेवारीत सकाळी अंबाझरीच्या काठावरचे धुके निळे नव्हे, पांढरे दिसते. धुक्यात उपयोग होतो तो दिवा खाली बसवल्याचा आणि त्याचा झोत वर न गेल्याचा. रंगाचा वाटा किरकोळ.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग. खोली अंधारी करा. एक साधा ५ वॅटचा बल्ब, एक पांढरा एलईडी आणि एक नारिंगी एलईडी आळीपाळीने पेटवा आणि जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूला तिरके धरून त्यांचे प्रतिबिंब पाहा. सीडीवरच्या बारीक रेघांमुळे विवर्तन होऊन वर्णपट दिसतो. बल्बचा पट तांबड्याकडे भरगच्च आणि निळ्याकडे विझत जाणारा. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा वेगळा ठळक पट्टा, मग जरा फिकट जागा आणि मग हिरवा-पिवळा रुंद भाग. नारिंगीत फक्त एक अरुंद पट्टा. पुरवठ्याला १२ व्होल्टची बॅटरी वापरा आणि तारेत योग्य फ्यूज घाला. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी चांदी कागद गुंडाळण्याची करामत मुले घरी पाहत असतात. ती गाडीला आग कशी लावते हे सांगायला हा तास बरा.

माझ्या गाडीत मी पुन्हा साधे ५ वॅटचे बल्ब लावले आहेत. विद्यार्थ्याला १५० आणि २७० ओहमचे गणित दाखवले. तो म्हणाला, "सर, हे दहावीत शिकवलं असतं न, तर बरं झालं असतं." मी शिकवले होते, १२ व्होल्ट धरून. आता रोज संध्याकाळी गाडी ठेवताना समोरच्या भिंतीवर दोन उजेडाचे ठिपके पडतात की नाही ते पाहतो. शाळेच्या फाटकाजवळ भिंत नाही, पण स्टेशनरीच्या दुकानाची काच आहे. तिच्यात दोन्ही दिवे दिसतात.